फाटकाजवळचा कांचन

चौतीस वर्षं त्या वायरमनने शिडीवर काढली, आणि त्यातली निम्मी तारेखालच्या फांद्या छाटण्यात. बायको शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्यांना बागेत नेलं तरी आधी मान वर करून तारा कुठून गेल्यात ते बघतात."

आता तो निवृत्त झाला होता आणि ती पुढच्या खोलीत, खिडकीला लावलेल्या पलंगावर पडून होती. यकृताचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. डॉक्टरांनी त्याला एकट्याला बाजूला घेऊन दोन महिने सांगितले. तिने त्याच्या चेहऱ्यावरूनच काय ते ओळखलं. एका सकाळी गोळ्या गिळून झाल्यावर ती म्हणाली, "अहो, अंगणात एखादं फुलांचं झाड लावा की. लहानसंच. नुसतं फाटक किती बघायचं माणसानं?"

त्याने हातातला चहा तसाच ठेवला आणि चपला सरकवल्या.

नर्सरीवाली बाई कुंड्यांतली माती सारखी करत होती. "बारा फुटांवर न जाणारं झाड दाखवा," तो म्हणाला. "आणि लगेच फुलणारं."

"लगेच म्हणजे?"

"महिन्याभरात."

बाईने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मोठ्या डब्यातला अनंत तिने ओढून पुढे आणला. त्याला सात-आठ कळ्या होत्या. वायरमनचं तिथेच ठरलं. तरी बायकोला दाखवावं म्हणून त्याने व्हिडिओ कॉल लावला.

"छान आहे," ती म्हणाली. "पण मागे ते काय दिसतंय? जोडपानांचं?"

त्याने वळून पाहिलं. मागे कांचनाचं कमरेएवढं रोप होतं.

बावीस वर्षांपूर्वी तिने फाटकाजवळ असाच एक कांचन लावला होता. तळहाताएवढा होता तेव्हापासून वाढवलेला. वादळाचे दिवस तोंडावर आले तशी गल्लीतल्या छाटणीची ऑर्डर निघाली, आणि त्याने स्वतःच्या हाताने तो बुंध्यापासून तोडला. ती बाजारातून पिशव्या घेऊन आली, क्षणभर उभी राहिली आणि आत गेली. "वरून हुकूम होता," त्याने सांगितलं. पुढचे आठ दिवस ताट वाढलं जायचं, पण शब्द नाही. त्यानंतर तो विषय त्या घरात कधी निघालाच नाही.

"कांचन आहे," तो आता फोनवर म्हणाला. "पण त्याला फुलं धरायला दोन-तीन वर्षं लागतात. शिवाय उंच जातो, आणि वर तार आहे."

"तोच आणा."

"अगं, पण तुला..."

"मला काय दिसणार आणि काय नाही ते मला कळतं. तोच आणा. तार आडवी आली तर ऑफिसची माणसं येतील छाटायला. तुम्ही नसाल ना शिडीवर, मग झालं."

तिने फोन ठेवला. नर्सरीवाल्या बाईने कांचनाचं रोप पोत्यात गुंडाळून दिलं.

दुपारी तो खड्डा खणायला बसला. खिडकी उघडीच होती. "डावीकडे घ्या... अजून जरा," आतून सूचना येत होत्या. गुडघाभर खड्डा झाला तसा तो थांबला. मान वर न करताच म्हणाला,

"तेव्हा हुकूम फक्त शेंड्याचा होता."

त्याने कुदळ खाली ठेवली.

"मुकादम सगळ्यांसमोर हसला. 'घरच्या झाडाला हात लावायला जिवावर येतंय वाटतं,' म्हणाला. माझं डोकं फिरलं. बुंध्यावरच घाव घातला."

"माहीत आहे," ती म्हणाली. "समोरच्यांच्या झाडाचा नुसता शेंडा गेला होता. मला डोळे होते ना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. बावीस वर्षं लावलीत!" ती हसायला गेली आणि खोकल्याने बेजार झाली.

तो मातीच्या हातांनी खिडकीशी आला. "राग आहे अजून?"

"आधी रोप लावून पाणी घाला. मुळं उघडी पडलीत."

पाच आठवड्यांनी ती गेली. शेवटी शेवटी तिला मान उचलवत नव्हती, म्हणून तो दाढीचा आरसा खिडकीत धरायचा आणि ती त्यात कांचन बघायची. पुस्तकासारखं मिटलेलं एक कोवळं पान तिला उघडताना दिसलं. तेवढंच.

लेकीने त्याला आपल्याकडे राहायला बोलावलं. तो गेला नाही. "झाडाला पाणी कोण घालणार?" म्हणाला. लेक समजली, तिने पुन्हा विषय काढला नाही.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी तो पेपर आणायला बाहेर आला, तर खालच्या फांदीवर तीन फुलं उमलली होती, जांभळट गुलाबी. तो पेपर न उचलताच लगबगीने घरात वळला. "अगं," अशी हाक त्याच्या तोंडून निघालीसुद्धा.

मग तो उंबऱ्यावरच बसला. उन्हं पायावर आली तरी उठला नाही.