पाण्याखालच्या घराची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. पण म्हाताऱ्याच्या हातातली नव्हे. टॅमरॅक नावाच्या झाडाच्या सरळ, बारीक खोडातून मला काढले आणि माझ्या तळाला एक बेचके बसवले. मनोमिनच्या दाटीतून होडी पुढे ढकलायची, हे माझे काम. मनोमिन म्हणजे तळ्याच्या पाण्यात आपोआप उगवणारा रानतांदूळ. त्याची मुळे नाजूक असतात. वल्हे ती उपटते, टोकदार काठी चिखलात रुतते. बेचके मात्र मुळांच्या गठ्ठ्यावर अलगद टेकते, भार दोन्ही बाजूंना वाटून देते आणि होडी सरकते.

मला झिंग्वाकने घडवले. झाड तोडण्याआधी त्याने बुंध्याशी चिमूटभर तंबाखू ठेवली, ते कशासाठी हवे आहे हे झाडाला सांगितले आणि थोडा वेळ थांबला. मी त्याच्या भावजयीसाठी होते. तिचे नाव ओमीमी. आमच्या लोकांत दीर-भावजयीने एकमेकांची थट्टा करायचीच असते. ती थांबली, तर घरात काही बिनसले आहे असे समजतात.

“वहिनी, काठी अगदी तुमच्यासारखी सरळ झालीय,” झिंग्वाक म्हणाला.

“म्हणजे वाकडीच असणार.” ओमीमीने मला हातात तोलून पाहिले. “बेचकं मात्र छान जमलंय, भावजी. तुमच्या दातांसारखं नाही. दोन्ही बाजू जागेवर आहेत.”

पुढे अनेक शरद ऋतू मी काम केले. ओमीमीची थोरली मुलगी होडीत मागे उभी राहून मला चालवी. ओमीमी पुढे बसून एका हलक्या दांडीने मनोमिनची ताटे होडीवर वाकवी आणि दुसरीने लोंब्यांवर अलगद टोले देई. निम्मे दाणे होडीत पडत, निम्मे पाण्यात. पाण्यात पडलेल्यांसाठी कोणी हळहळत नसे. ती पुढच्या वर्षाची पेरणी होती.

एका हिवाळ्यात थोरली खोकल्याने गेली. तिला काठावर पुरले आणि रीतीप्रमाणे थडग्यावर लाकडाचे बुटके घर उभारले. त्याला एक झरोका आणि झरोक्याशी ताट ठेवण्यापुरती फळी होती. नवे मनोमिन शिजले की पहिला वाटा त्या फळीवर जाई. मगच घरातली माणसे जेवत.

नंतर खाली नदीवर कोणीतरी ओंडके वाहून नेण्यासाठी धरण बांधले. आम्हाला विचारायला कोणी आले नाही. तळे चढत गेले, काठ बुडाला, बुटके घरही बुडाले. सगळे टेकडीवर राहायला गेले. खोल पाण्यात मनोमिन गुदमरले आणि मी झोपडीमागे पडून राहिले. माझ्यावर शेवाळ चढले, उंदरांनी मला कुरतडले. ओमीमीने टेकडीवर एक दगड मांडला आणि ती थोरलीचा वाटा तिथे ठेवू लागली.

तेव्हापासून धुके उतरले की तळ्यावरून आवाज येऊ लागला. टक्, सर्र. टक्, सर्र. पाण्यावर होडी नसे.

ओमीमीच्या धाकटीने, बीदाबनने, जेवण टाकले. ती काठाशी जाऊन बसे. दिवसेंदिवस तिचे पाय पाण्यात अधिक आत जाऊ लागले.

“आई, ताई धान झोडतेय,” ती एकदा म्हणाली. “एकटीच आहे गं. तिची होडी कोण ढकलणार?”

ओमीमीच्या हातातली पळी थांबली. एक मुलगी गेली होती. दुसरी डोळ्यांदेखत चालली होती.

झिंग्वाक दबक्या आवाजात म्हणाला, “पाण्याखाली राहून माणसं ओढून नेणाऱ्या त्या शिंगवाल्या मांजराचं तर काम नसेल?”

“बर्फ पडून ते झोपेपर्यंत त्याचा विषय नको, भावजी. ऐकतं ते.”

त्याने टेकडीवरच्या दगडाकडे बोट दाखवले आणि म्हणाला, “वहिनी, टेकडीवर ताट कुणासाठी ठेवता?”

“माझ्या लेकीसाठी.”

“ती टेकडीवर आली कधी? आपण आलो.”

ओमीमीने ओढ्याच्या तोंडाशी उरलेली चार ताटे झोडून ओंजळभर मनोमिन आणले, शिजवले आणि मला झोपडीमागून उचलले. बीदाबनला होडीत मध्ये बसवून तिघे सकाळच्या धुक्यात निघाले. ओमीमीने पाण्यात तंबाखू सोडली. झिंग्वाक मला खाली घालून चाचपू लागला. मला आधी चिखल लागला, मग कुजलेले बुंधे, आणि मग एक फळी, तिच्यापुढे उतरते छप्पर. मी बेचके टेकवले आणि खालून कोणीतरी ते धरले. मी लाकूड आहे, मित्रांनो, तरी सांगते: अडकणे वेगळे आणि धरले जाणे वेगळे.

आवाज थांबला.

ओमीमीने सालीच्या दोरीने बांधलेले ताट माझ्या अंगावरून हळूहळू खाली सोडले. वर ओढले तेव्हा ते रिकामे होते. पाण्याने धुऊन नेले असेल, असे तुम्ही म्हणाल. म्हणा. पण तेवढ्यात बीदाबनने मान वर केली.

“आई, मला भूक लागलीय.”

ओमीमी रडली नाही. डब्यात उरलेले मनोमिन तिने लेकीच्या हातात दिले आणि ती खाईपर्यंत पाहत राहिली. झिंग्वाकने मला उपसायला जोर लावला. मी हलले नाही.

“राहू द्या, भावजी. थोरलीच्या हातात आहे ती.”

“मग परत जायचं कसं?”

“हातांनी वल्हवा. इतकी वर्षं नुसतं तोंडच वल्हवलंत.”

बीदाबन हसली. किती दिवसांनी!

त्या दिवसापासून मी इथेच उभी आहे. बीदाबनचे केस आता पांढरे झाले आहेत, पण पहिले ताट ती अजूनही माझ्यापाशी उतरवते. हल्ली यांत्रिक होड्या माझ्या अगदी जवळून धावतात. मला वाळका बुंधा समजून कोणी दोर बांधतो, कोणी हलवून पाहतो. मित्रांनो, मला उपटू नका. खाली कोणी जेवत असेल. धरणाने अडवलेल्या पाण्यावरून जाताना वेग कमी करा आणि इथे आधी कोण राहत होते, हे विचारा. माझ्या आजूबाजूला अशी आणखी बुटकी घरे बुडालेली आहेत. त्यांच्यापाशी काठी नाही आणि त्यांची माणसे दूर गेली आहेत. धुके उतरले की त्या बाजूने आवाज येतो.