कपाटातून गेलेला पाइप

नंदाखालच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल सालोमी तुस्कानो यांना राग आला की त्यांचा आवाज चढत नसे. उलट तो उतरत जाई आणि भाषा अधिकाधिक शुद्ध होई. बाईंनी ‘कृपया’ म्हटले की आपल्या चपला शोधायला लागावे, हे गावातल्या वाचकांना ठाऊक होते. दोन हजार सात सालच्या त्या शुक्रवारी वाचनालयाच्या नव्या इमारतीच्या नकाशांवर अखेरची सही व्हायची होती, आणि बाई सकाळपासून सर्वांशी फार अदबीने बोलत होत्या.

रागाला कारण होते. जुनी इमारत बांधताना पाण्याची टाकी नेमकी ग्रंथदालनाच्या डोक्यावर आली. स्लॅब ओतल्यावर ही गोष्ट ध्यानात आली, तेव्हा साऱ्या जाणत्यांनी एकमुखाने सांगितले होते, ‘साइटवर बघू.’ बाईंच्या मते वसई-विरारमधल्या निम्म्या इमारती या दोन शब्दांवर उभ्या आहेत आणि उरलेल्या निम्म्या याच दोन शब्दांमुळे गळतात. टाकी पाझरली. मासिकांचे जुने बांधीव अंक फुगून विटांसारखे घट्ट झाले. उघडू गेले की पानाऐवजी पुठ्ठाच हातात येई. जे बचावले ते एका सागवानी कपाटात मावले: इथल्या जुन्या बोलींतली लग्नगीते, आज्यांच्या हातून झिजलेली प्रार्थनापुस्तके, कुठल्याच दुकानात पुन्हा मिळणार नाही असे पुष्कळ काही. नव्या इमारतीत ते कपाट कोरडे राहील ना, एवढाच बाईंचा प्रश्न होता. विश्वस्त मंडळापुढचा प्रश्न अधिक गहन होता: दर्शनी काच निळी असावी की हिरवी?

काचेचा ध्यास अध्यक्ष श्रीरंग चौधरी यांचा. बँकेतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी मुंबईत कुठेतरी काचेची उत्तुंग भिंत पाहिली, आणि तेव्हापासून केळीच्या वाड्यांमधल्या वाचनालयाला विमानतळाची कळा आणायचीच, असा त्यांनी निश्चय केला. रस्ता पश्चिमेला, म्हणून काचही पश्चिमेला. त्या अखंड काचेवर ओरखडासुद्धा दिसता कामा नये, म्हणून गच्चीवरचे पाणी उतरवणारा पाइप इमारतीच्या आतून न्यायचा.

नकाशे करणारी ज्ञानदा राऊत याच गावातली. जुन्या वाचनालयाच्या फरशीवर बसून वाढलेली ही मुलगी आता वास्तुविशारद झाली होती. कागद बाजूला ठेवून तिने सबंध इमारत संगणकावर उभी केली होती. भिंती, तुळया, पाइप आणि कपाटेसुद्धा एकाच मॉडेलमध्ये. वर उन्हाचा आणि वाऱ्याचा हिशेब. बाईंनी ते एकदा पाहिले आणि त्यांना उमगले. इथे एक ओळ बदलली की तिच्याकडे बोट दाखवणारे सगळे संदर्भ आपोआप बदलत होते. असा प्रामाणिकपणा त्यांना विद्वानांच्या ग्रंथांतही क्वचित आढळला होता.

अध्यक्षांनी बैठक मुद्दाम भारनियमनाच्या वेळेला ठेवली होती.

“वीज तर नाही,” ते खंत वाटल्यासारखे म्हणाले. “संगणक राहू दे, बाळ. कागद आहेतच.”

“बॅटरी भरून आणलीय, भाऊ,” म्हणत ज्ञानदाने लॅपटॉप उघडला. “तुमचे सगळ्यांचे कागद वेगवेगळे पाहिले तर सगळे बरोबर आहेत. आता एकत्र बघा.”

पडद्यावर इमारत उभी राहिली. गच्चीवरून एक लाल पाइप निघाला, स्लॅबमधून उतरला आणि थेट सागवानी कपाटात शिरला.

“आयला!” कंत्राटदार आलोशियस डाबरे पुढे सरकला. “हा कपाटात काय वाचायला चाललाय?”

“तो पहिल्यापासून तिथेच आहे, काका. तुमच्या कागदावर कपाट नव्हतं, सुताराच्या कागदावर पाइप नव्हता.”

“एवढंच ना? मग साइटवर बघू.”

ते बोलून गेल्यावर त्याचे त्यालाच उमगले असावे, कारण त्याने बाईंकडे पाहायचे टाळले.

“आलोशियस,” बाईंचा आवाज तळाला गेला होता, “कृपया साइट इथेच बघा. स्लॅब ओतण्यापूर्वी ती बघण्याचा योग तुमच्या आयुष्यात प्रथमच आलेला आहे.”

ज्ञानदाने माउस त्याच्यापुढे सरकवला. “हलवा, काका. तुम्हाला योग्य वाटेल तिथे न्या.”

आलोशियसने पाइप डावीकडे नेला. तो तुळईत घुसला. उजवीकडे नेला, तो दारात उभा राहिला. मागच्या भिंतीकडे गच्चीचा उतारच नव्हता. कपाळावरचा घाम पुसत त्याने हात टेकले. “भाऊ, बाहेरून काढायला हवा. पानी दुसरीकडून जात नाय.”

“दर्शनी भागावर पाइप?” श्रीरंगभाऊ कडाडले. “नवरीच्या नाकात नथीऐवजी नळी! अजिबात नाही. कपाट हलवा.”

“कपाट हललं तरी ऊन हलणार नाही, भाऊ,” ज्ञानदा म्हणाली. “बरं, तुम्ही रोज पेपर कुठे बसून वाचणार?”

“काचेशी. माझी खुर्ची तिथेच.”

तिने तिथे खुर्ची ठेवली, खुर्चीत एक माणूस बसवला आणि मे महिन्यातली संध्याकाळची वेळ लावली. उन्हाचा पट्टा काचेतून आत आला, पुस्तकांच्या पाठींवर चढला आणि त्या माणसाच्या टाळूवर येऊन बसला. दालन हळूहळू तांबडे झाले.

“हा मी?”

“तुम्हीच.”

“टोपी घालीन.”

“टोपी कशाला, छत्रीच घ्या,” आलोशियस म्हणाला. “वरून पाइप पन आहे.”

हशा पिकला. श्रीरंगभाऊ हसले नाहीत. ते त्या तापलेल्या टाळूकडे पाहत होते. ज्ञानदाने काच काढली. तिच्या जागी खोल ओटा आला, ओट्याला विटांची जाळी आली, पूर्वेला छतालगत झरोके उघडले. समुद्रावरचा वारा जाळीतून शिरून झरोक्यांतून बाहेर पडू लागला. ऊन ओट्यावरच थबकले. पाइप बाहेरच्या खांबालगत उतरला आणि पाणी शेजारच्या बावखलात, वाडीच्या जुन्या तळ्यात, जाऊन पडले.

खुर्चीतला माणूस आता सावलीत बसला होता.

“जाळी,” अखेर अध्यक्ष खाकरले, “कौलांच्या रंगाची मिळेल?”

त्यांनी सही केली. तत्त्वाचा विजय झालेला नाही, एका खुर्चीचा झाला आहे, हे बाईंना स्पष्ट दिसत होते. पण त्यांनी इतिहास पुष्कळ वाचला होता. मोठ्या सुधारणा बहुधा याच वाटेने येतात. पुढे दर शुक्रवारी सुतार, नळकाम करणारा, आलोशियस आणि अभियंता त्या लॅपटॉपभोवती भांडत बसू लागले. भांडण पडद्यावर होई, म्हणून ओतलेला स्लॅब फोडायची पाळी कुणावर आली नाही.

नव्या इमारतीने दोन पावसाळे काढले. त्यानंतर नालासोपाऱ्याच्या एका सोसायटीची मंडळी ती पाहायला आली. जाळीतल्या वाऱ्यात पेपर धरून बसलेले श्रीरंगभाऊ त्यांना सांगत होते, “काच मला पहिल्यापासूनच पटली नव्हती.”

बाईंनी त्यांना दुरुस्त केले नाही. त्यांनी सागवानी कपाट उघडले आणि लग्नगीतांचे पुस्तक काढले. पाने एकेक करून सुटी झाली, कोरडी, बारीक सळसळत. बुरशीचा ठिपकासुद्धा नव्हता.

“छान ठेवलंय हो,” पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या. “आर्किटेक्ट मुंबईची असेल ना?”

“मुंबईची?” सालोमीबाईंचा आवाज चढला, इतका चढला की श्रीरंगभाऊंचा पेपर खाली आला. “आमच्या नंदाखालची आहे ती! जुन्या वाचनालयात जमिनीवर बसून वाचायची, माझ्या टेबलाशेजारी!”

बाहेर ओट्यावर टेकलेल्या आलोशियसने आवाज ऐकून सवयीने चपला पायात सरकवल्या. मग ‘कृपया’ काही ऐकू आले नाही, म्हणून पुन्हा काढून ठेवल्या.