चोवीस पेट्यांचा मार्ग

पेट्या चोवीस होत्या. प्रत्येकीत एक पिल्लू, एक पाण्याची वाटी, एक दाण्याची वाटी आणि झाकणाखाली एक लहान पिवळा दिवा. एकाची चिवचिव दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून पेट्यांना आतून जाड स्पंज लावलेला होता. जिन्यापलीकडच्या खोलीत आणखी चोवीस पिल्लं होती, पण ती सगळी एकाच कुंपणात, एकमेकांच्या अंगावर चढत वाढत होती.

काका बाराव्या पेटीपाशी होते. झाकण उचलून त्यांनी वाट्या भरल्या आणि आत वाकून म्हणाले, "पाण्याची टाकी. टाकीवाले, चला, मागच्या दारानं."

मग तेराव्या पेटीचं झाकण उचललं. "दवाखाना. आजोबा, सावकाश. गाडी थांबलीय."

ताई दारातच थबकली. ती या प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती आणि तिच्या दुपटीहून मोठे काकासुद्धा तिला ताईच म्हणत.

"काका, तुम्ही बोलताय."

काका दचकून वळले. "मी? कुठं?"

"आत्ता. दवाखाना म्हणालात."

"हां, ते होय." काकांचा जीव भांड्यात पडला. "ते बोलणं नाही ओ. तो स्टॉप आहे."

काकांनी उभी नोकरी बसच्या कंडक्टरकीत काढली होती. निवृत्तीनंतर ते इथे पिल्लांना दाणापाणी करायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की सारख्या दिसणाऱ्या पेट्यांत आपला घोळ होतो. मग त्यांनी जुना मार्ग त्या खोलीत आणला. डेपोपासून कापडगिरणीपर्यंत चोवीस स्टॉप, चोवीस पेट्या. स्टॉप पुकारला की पेटी झाली. तेव्हापासून एकही पिल्लू उपाशी राहिलं नव्हतं. पेट्यांच्या खोलीत बोलायचं नाही, ही पाटी त्यांनी रोज वाचली होती आणि, त्यांच्या मते, रोज पाळलीही होती.

ताई भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा प्रश्न साधा होता. अंड्यातून बाहेर आल्यावरही पिल्लाच्या मेंदूत नव्या पेशी तयार होत राहतात. पहिल्या दिवशी टोचलेलं औषध त्या नव्या पेशींत खूण करून ठेवतं आणि पुढे मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले, की त्या पेशी तपकिरी ठिपक्यांसारख्या मोजता येतात. एकट्यानं वाढणाऱ्या पिल्लात या पेशी कमी टिकतात का, हे तिला पाहायचं होतं. पहिल्या तुकडीतल्या एकट्या पिल्लांत त्या कुंपणातल्या कळपाच्या जवळजवळ इतक्याच निघाल्या होत्या. मोजताना चुकली असशील, असं तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते. तिनं पुन्हा मोजलं होतं.

"रोज पुकारता?"

"रोज. सकाळी आणि संध्याकाळी." काकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काही वाटोळं झालं का माझ्यामुळं?"

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुसरा माणूस बघ. काकांना महिन्याच्या करारावर घेतलंय, काही अडचण नाही."

"माणूस बदलला तर दोन गोष्टी बदलतील, सर," ताई म्हणाली. "हात आणि आवाज. मला फक्त आवाज काढायचाय. पुढच्या तुकडीलाही काकाच हवेत. फक्त गप्प."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "एक तुकडी. आणि एकही पेटी चुकायची नाही. चुकली तर दोघांचीही सुट्टी."

पुढची पिल्लं आली. काका तोंडावर फडकं बांधून आत गेले आणि पहिल्याच सकाळी त्यांचा घोळ झाला. झाकण उचलायचं, वाट्या भरायच्या, झाकण लावायचं. मागे वळून पाहिलं तर सगळ्या पेट्या एकसारख्या. ही झाली की ती? त्यांनी पहिल्यापासून सगळी झाकणं पुन्हा उघडून पाहिली. सतराव्या पेटीतली वाटी कोरडी होती. ती भरून ते बाहेर आले आणि फडकं सोडायच्या आधीच ताईला म्हणाले, "सतरावी राहिली होती. आता दिलंय. सरांना सांगायचं तर सांगा."

"पिल्लू कसंय?"

"चिडलंय. चोच मारली मला."

ताई हसली. "मी पेट्यांवर नंबर चिकटवू?"

"आकडे माझ्या डोक्यात टिकत नाहीत ओ. तिकिटाचे पैसेसुद्धा मी माणसाच्या तोंडावरून लक्षात ठेवायचो."

संध्याकाळी त्यांनी बायकोचा शिवणाचा डबा उघडला.

"अहो, माझी बटणं कुठं निघाली?"

"प्रवासी आहेत. चोवीस पाहिजेत."

"मोठी मोजा, ती कशालाच बसत नाहीत. आणि उतरवून परत आणा."

एक पेटी झाली, की एक बटण उजव्या खिशातून डाव्या खिशात. त्यानंतर वाटी कोरडी राहिली नाही. पण फडक्याआड ओठ हलायचेच. बाराव्या पेटीपाशी घशातून आवाज वर यायचा आणि काका तो गिळायचे. पिल्लं झाकण उघडताच वर बघत. वाकलेला चेहरा पाहत आणि वाट बघितल्यासारखी थांबत. काका झाकण लावत.

हळूहळू ते घरीही तसेच वावरू लागले. पूर्वी त्यांची बडबड सुरू झाली की बायको टीव्हीचा आवाज वाढवायची. आता तिनं एके दिवशी टीव्हीच बंद केला.

"बरं नाही का तुम्हाला?"

"बरंय की."

"मग बोला ना काहीतरी. आज कोण उतरलं, कोण चढलं."

काकांनी विचार केला. "आज कुणी नाही," ते म्हणाले.

तुकडी पूर्ण झाली. ठरल्या दिवशी पिल्लं वरच्या मजल्यावर गेली. तिथून ती परत येत नाहीत, हे काकांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. त्यांनी रिकाम्या पेट्या धुतल्या, स्पंज उन्हात टाकले. सरांनी काकांच्या पुढच्या वर्षाच्या करारावर सही केली तेव्हा ते बादली पिळत होते. त्यांनी हात पुसले, कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला.

बऱ्याच दिवसांनी ताईनं त्यांना वर बोलावलं. सूक्ष्मदर्शकापाशी स्टूल ओढून दिलं. काकांनी एक डोळा मिटून काचेत पाहिलं. फिकट निळ्या पडद्यावर तपकिरी ठिपके विखुरले होते.

"हे त्यांचं?"

"हो. सतरावीचं."

काकांनी काचेवरून डोळा काढला. "आणि आकडा काय आला?"

ताईनं तक्ता त्यांच्यापुढे सरकवला आणि बोट ठेवत वाचून दाखवला. कापाच्या एका चौरस मिलिमीटरमधल्या नव्या पेशी, सरासरी. कळपात वाढलेली पिल्लं, दोनशे बारा. एकटी वाढलेली, स्टॉप ऐकलेली, एकशे अठ्ठ्याण्णव. एकटी वाढलेली, स्टॉप न ऐकलेली, एकशे एकतीस.