ठिगळ

उजव्या खांद्याखाली ठिगळ, त्याच्या एका कोपऱ्यात सुटलेला टाका... तोसुद्धा सोडला नव्हता लेकाच्यानं. काय रेघ आहे! – प्रसेनजीतच्या मनात पहिलं हेच आलं, आणि मग कळलं की शर्ट आपला आहे, ठिगळ आईनं घातलेलं आहे, आणि जमिनीला कपाळ टेकून वाकलेला हा चित्रातला माणूस म्हणजे आपण. कुणापुढं? तर पिवळा गळपट्टा बांधलेल्या गोऱ्या कप्तानापुढं, बेल्जियमच्या लॅमोसाहेबाच्या चित्रकथांच्या त्या नायकाच्या बुटांपुढं.

पुस्तक संयोगिताबाईंनी सकाळीच उचगावला त्याच्या घरी धाडलं होतं. संध्याकाळी कोल्हापुरात त्यांनी भरवलेलं लॅमोच्या मूळ चित्रांचं प्रदर्शन होतं, आणि त्या दिवंगत थोर कलावंताच्या जीवनावर आणि कारकिर्दीवर बोलायचं प्रसेनजीतनं; शाळेत चित्रकला शिकवतो, शिवाय, बाई म्हणाल्या, "तुम्ही त्यांना जवळनं बघितलंय की ओ सर!"

बघितलंय की! शहाण्णव साली भारतावरच्या पुस्तकासाठी माणसं टिपत हिंडणाऱ्या त्या म्हाताऱ्याला यानंच हौसेनं घरी आणलं होतं, चहा पाजला होता. 'तू रोज करतोस तेच कर,' साहेब म्हणाला, आणि हा खुळा बुद्धमूर्तीपुढं वंदनेला वाकला... नुसता वाकला नाही, समोर पेन्सिल चालतेय या आनंदात नेहमीपेक्षा जास्तच वेळ तसा राहिला. केसानं गळा कापला मेल्यानं, आणि मी मान ताठ न ठेवता खाली घालून दिली.

भाषण पाठ होतं – खाणकामगाराचा पोर, लढाईच्या दिवसांत कोळशानं भिंतीवर काढलेली चित्रं, मग साप्ताहिकात दर आठवड्याला एक पान, आणि मरेपर्यंत एकच हट्ट, खऱ्या माणसावरूनच चित्र काढायचं. खऱ्या माणसावरून! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मीही वर्गात हेच सांगतो ना... एकाची ढब उचला, दुसऱ्या चित्रात बसवा, कुणाला कळतंय?

"बगू दे की. माजं घर दावलंय न्हवं त्यात?" त्याचे वडील, आबा, मागं येऊन उभे होते. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आबांनी पाटलाच्या दारात जोहार घालायचं सोडलं होतं, त्यापायी मार खाल्ला होता. त्यानंतर माणसापुढं म्हणून ते कधी वाकले नव्हते. प्रसेनजीतनं पान उलटलं. आबांनी ते परत मागं घेतलं.

"ह्यो कोन रं?"

"असाच कुणीतरी."

"ठिगाळ तुज्या आईचं हाय." आबांचं बोट पाठीवर थांबलं. "पाया पडलास व्हय त्येच्या?"

"न्हाय ओ आबा! बुद्धापुढं वाकलोतो मी. त्यानं तितनं उचलून हितं घातलंय."

आबांनी चित्र नीट बघितलं, कडेपासून कडेपर्यंत.

"मग ह्यात बुद्ध कुठं हाय?"

आबा बाहेर जाऊन पायरीवर बसले, प्रसेनजीतकडं पाठ करून. आता निघायला हवं होतं. सभागृहात उभं राहून या साहेबाची सालटी काढावीत, आबांचा प्रश्न जसाच्या तसा सगळ्यांच्या तोंडावर फेकावा... त्यासाठी तरी पान पुन्हा एकदा नीट बघून ठेवावं म्हणून त्यानं पुस्तक उघडलं, आणि डोळे परत त्या पाठीवरच गेले – कुठं खोडलेलं नाही, कुठं हात अडलेला नाही. रेघ अजूनही त्याला आवडत होती. साहेबाचा राग त्याला सकाळपासून येत होता. आता स्वतःच्या या डोळ्यांचा येऊ लागला.