सात नंबरचं मशीन

हातकणंगल्यात स्टेशन रोडला अनेकांतचा कॉम्प्युटर क्लास होता. बारा मशिनं. पोरं नको ते उतरवून ठेवतात म्हणून या शहाण्यानं सगळी मशिनं फ्रीज करून टाकलेली. म्हणजे दिवसभर काय वाट्टेल तो गोंधळ घाला, बंद करून चालू केलं की मशीन पुन्हा होतं तसं कोरं. या हुशारीवर गडी भलताच खूश होता.

मग नेट संपायला लागलं. रोजचं ठरलेलं नेट एरवी संध्याकाळपर्यंत पुरायचं, ते आता अकराच्या बॅचची सराव परीक्षा सुरू झाली की गप्प. पोरं जांभया देत बसायची, त्यांच्या आया फोन करून विचारायच्या की क्लास चालू आहे का बंद केला. अनेकांतचं डोकं फिरलं. कुणीतरी नेट खातंय, हे त्यानं पक्कं धरलं.

सकाळी साडेआठला कुलूप काढायचे ते जोतीरामतात्या. कबनूरला अनेकांतच्या वडिलांच्या यंत्रमागांवर त्यांनी तीस वर्षं काढलेली. माग विकले तेव्हा वडील म्हणाले होते, तात्याला अंतर देऊ नको. तात्या झाडलोट करायचे, अनेकांतनंच सांगितलं होतं म्हणून बाराही मशिनं चालू करून ठेवायचे, आणि दहाला तो आला की "आलास व्हय रं अनेकांता" म्हणत किल्ली हातात द्यायचे. म्हणजे दीड तास आत एकटे तात्या. त्यात त्यांना बैलगाडी शर्यतींचा नाद. संशयाला आणखी काय लागतं हो?

पुरावा मात्र मिळेना. कुठलंही मशीन उघडावं तर कोरं. चोराचा माग पुसायची सोय आपणच करून ठेवलीय हे कळल्यावर तर तो जास्तच चिडला. तात्यांचं साधं हसणंही त्याला लबाडीचं वाटायला लागलं. शनिवारी त्यानं गुपचूप सात नंबरचं फ्रीज काढलं. आता त्या एका मशीनवर कोण काय बघतं ते सगळं राहणार होतं. आठवडाभरानं बघायचं ठरलं, पण एवढा धीर कुठला?

मंगळवारी अकराला नेट गेलं आणि त्यानं भर वर्गात तोंड सोडलं. "तात्या, शर्यती बघायच्या तर आपल्या मोबाईलवर बघा की. पोरांचं नेट कशाला चोरताय?"

तात्यांनी पायात चपला सरकवल्या आणि ते निघून गेले.

अनेकांत तोऱ्यात सात नंबरवर बसला. शर्यत नव्हती. पोरं यायच्या आधीच्या वेळेत काहीच नव्हतं. सोमवारी सकाळी मशीननं स्वतःच नवं अपडेट उतरवून घेतलं होतं, एवढीच नोंद. मंगळवारी तेवढंही नाही. मग त्यानं शेजारचं आठ नंबर बघितलं. तिथं तेच अपडेट अर्धं उतरून अडकलेलं. नऊला तेच, दहाला तेच. अकरा मशिनं रोज सकाळी तेच अपडेट उतरवत होती, बंद केल्यावर विसरत होती, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू. फ्रीज करताना आपोआप अपडेटचं बटण बंद करायला हाच विसरला होता.

त्यानं सगळी मशिनं सोडवली, जादा नेट विकत घेऊन अपडेट घातलं, ते बटण बंद केलं आणि परत फ्रीज केली. इथून पुढं महिन्यातून एका रविवारी तो स्वतः बसून अपडेट घालणार होता. दुसऱ्या दिवशी नेट संध्याकाळपर्यंत पुरलं. पोरांसमोर त्यानं आपली चूक कबूल केली, आणि किल्ली घेऊन कबनूर गाठलं.

तात्या दारातच बसले होते. अनेकांतनं सगळं सांगितलं. चूक माझी, मला लाज वाटते, उद्यापासून या, असं तो म्हणाला. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आत चहा सांगितला. त्यानं पुढं केलेल्या किल्लीला मात्र हात लावला नाही.

"बसा, पावणं," ते म्हणाले. "च्या घ्या. किल्ली तेवढी संगं घिऊन जावा."

पाळण्यात होता तेव्हापासून तात्यांनी त्याला अहोजाहो कधी केलं नव्हतं. चहा आला, आणि तो त्याला प्यावा लागला.