आवाज जपणाऱ्या खोक्याची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना, काळा, पत्र्याचा डबा आहे आणि आता कायमचा बंद पडलो आहे. कागदोपत्री माझे नाव ‘नेटवर्क स्टोरेज’ असे भारदस्त होते. पण नऊ वर्षांत त्या नावाने मला कोणी हाक मारल्याचे आठवत नाही. सगळे मला ‘खोकं’ म्हणायचे, आणि मलाही त्याची सवय झाली होती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे चार दिवस मला तापलेल्या खोलीत चालवून पाहिले आणि पाठीवर पास झाल्याचा शिक्का मारला. माझ्या पोटात चार डिस्क होत्या. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या तारा भिंतीभिंतीने फिरून शेवटी माझ्यापाशी यायच्या. कोणी आपल्या टेबलावरून काही ठेवायला दिले की मी ते चौघींत वाटून ठेवायचो आणि मागेल त्याला परत द्यायचो. वाटणी अशी हुशारीची, की एखादी डिस्क मेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचा वाटा भरून काढायच्या. दोघी मेल्या, तर मात्र सगळा कारभार आटोपला.

ज्या संस्थेत मी आलो तिथे माणसांचे आवाज जपायचे काम चाले. घशाच्या ऑपरेशनमुळे ज्यांचा आवाज कायमचा जाणार असे, ती माणसे आधी तिथे येत आणि एका बंद खोलीत बसून दीड हजार वाक्ये वाचत. त्यावरून पुढे एक यंत्र तयार होई. माणसाने शब्द टाइप करायचे आणि यंत्राने ते त्याच्याच आवाजात बोलायचे. मी येण्यापूर्वी ही रेकॉर्डिंग ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर विखुरलेली असत. एका आजींच्या आवाजाच्या तीन फायली होत्या: ‘शेवटची’, ‘खरी शेवटची’ आणि ‘हीच घ्या’. त्यातली कुठलीच पुरी नव्हती. मी आलो आणि हा गोंधळ थांबला.

संस्थेच्या प्रमुखांना सगळे ‘बाई’ म्हणत. आवाज म्हणजे माणसाची खासगी वस्तू, तो इकडे तिकडे सापडता कामा नये, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून नियम झाला, की रेकॉर्डिंग फक्त खोक्यात ठेवायचे. रेकॉर्डरचे कार्ड त्याच दिवशी पुसायचे. कॉम्प्युटरवर काही राहू द्यायचे नाही आणि मेलने कुठेही पाठवायचे नाही. हे ऐकून माझी छाती फुगली. गर्वाचे घर खाली असते हे मला तेव्हा कोण सांगणार?

सांगणारा एक होता, आमचा कॉम्प्युटर दुरुस्ती करणारा. असेच दुसरे खोके घेऊन ते दुसऱ्या इमारतीत ठेवा, असे त्याने बाईंना दोनदा सुचवले होते. बाई म्हणाल्या, “यात चार डिस्क आहेत ना? मग अजून किती काळजी करायची?” पुढे तो दुसरीकडे नोकरीला लागला. मला काही दुखले खुपले की मी त्याला मेल पाठवायचो, कारण माझ्यात त्याचाच पत्ता भरलेला होता. तो बदलायचे कोणाच्या ध्यानात आले नाही. माझी पत्रे बंद घराच्या दारात पडत राहिली.

रेकॉर्डिंग करणाऱ्याला सगळे ‘कानसेन’ म्हणत. त्याचा कान इतका तिखट, की वाचणाऱ्याच्या पोटात कावळे ओरडले तरी तो वाक्य पुन्हा घ्यायला लावी. आणि तारांच्या सोयीसाठी माझे कपाट नेमके त्याच्या खोलीच्या भिंतीला लागून होते. माझा पंखा फिरला की तो कपाळाला आठ्या घालायचा. माणूस मात्र मनाने चांगला होता. घाबरलेल्या माणसांना तो कोमट पाणी द्यायचा, त्यांचा घसा बसला की गप्पा मारत थांबायचा.

एकदा एक क्रेनचालक आला. आडदांड माणूस, हाताचे पंजे सुपाएवढे, पण आवाज खरखरीत आणि दमलेला. ऑपरेशनला आठ दिवस उरले होते. सहा दिवस तो मान खाली घालून वाचत होता. ‘उद्या बाजार बंद राहील.’ ‘डोंगरावर धुके पसरले आहे.’ अशी ती वाक्ये. त्यांना अर्थाशी काही देणेघेणे नव्हते, त्यात भाषेतले सगळे ध्वनी आले म्हणजे झाले. शेवटच्या दिवशी दीड हजारावे वाक्य संपले आणि त्याने कागद बाजूला ठेवला.

“साहेब, यात माझ्या घरातलं एकही वाक्य नाही हो,” तो म्हणाला.

मग त्याने भीतभीत सांगितले, की त्याची बायको पहाटेच्या पाळीला जाते आणि नऊ वर्षांच्या मुलीला रोज सकाळी तोच उठवतो. ते एक वाक्य घेता आले तर बरे होईल. नियमात असे काही नव्हते, पण कानसेनने लगेच माइक सरळ केला. क्रेनचालक जरा लाजला, मग हसला आणि घरच्यासारखा बोलला, “ठमाबाई, उठताय का आता, की मी क्रेन आणू?”

मित्रांनो, नेमक्या त्याच क्षणी माझ्या चार डिस्कपैकी एक मेली. माझ्या हातात फक्त एक शिटी होती, ती मी वाजवली. टीं, टीं, टीं. डिस्क बदला, असे मी ओरडत होतो. भिंतीपलीकडे कानसेनने डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, “हे काय आता मधेच? पुन्हा घेऊ या.” दुसऱ्या वेळी ते वाक्य स्वच्छ आले. जरा वाचून दाखवल्यासारखे आले, पण स्वच्छ आले. ते त्याने माझ्यात ठेवले, कार्ड पुसले आणि क्रेनचालकाला दारापर्यंत सोडून आला.

मी दर मिनिटाला वाजत होतो. बाहेर पुढची रुग्ण बसली होती आणि तिचे ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी होते. कानसेन वैतागला. कार्ड पुसण्याआधीच त्याने ते बिघडलेले वाक्य बाजूला काढून ठेवले होते. आता ते मेलला जोडून त्याने बाईंना लिहिले, की तुम्हीच ऐका, अशा कटकटीत काम कसे करायचे. बाई परगावी होत्या. रुग्णाचा आवाज मेलने पाठवलात कसा, म्हणून त्यांनी आधी त्याला चांगले फैलावर घेतले. मग शेवटी लिहिले, की शिटी बंद करता येत असेल तर करा, आल्यावर बघू.

शिटी बंद करता येत होती. त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यासाठी एक बटण होते, त्याने ते दाबले. मग हाताशी होता म्हणून माझ्याभोवती जाड स्पंजही गुंडाळला, म्हणजे पंखाही ऐकू येऊ नये. त्या दिवशी माझ्या पलीकडच्या खोलीत इतकी सुंदर शांतता झाली, की त्या पुढच्या रुग्णाचे सगळे काम एका बैठकीत उरकले. बाई परत आल्या तेव्हा मी गप्प होतो, आणि गप्प असलेल्याची चौकशी कोण करतो? त्या विसरल्या. तोही विसरला.

स्पंजाच्या आत मी सात आठवडे तापत होतो. उरलेल्या तिघी मेलेलीचे ओझे वाहत होत्या. मी जुन्या पत्त्यावर रोज एक मेल पाठवत होतो. एका दुपारी आणखी एक डिस्क गेली. कोणीतरी एक फाइल उघडायला गेले, ती उघडली नाही. मग दुसरी उघडली नाही. मग ऑफिसात सगळे उठून उभे राहिले.

मला एका तज्ज्ञाकडे नेले. त्याने मला उघडले, दहा दिवस खटपट केली आणि परत आणून टेबलावर ठेवले. “पहिली गेली त्याच दिवशी बदलली असती तर एक अक्षरही गेलं नसतं,” तो म्हणाला. कानसेन भिंतीकडे बघत होता. ज्यांची यंत्रे बनून झाली होती ती माणसे वाचली. एकोणीस माणसांचे आवाज मात्र अजून फक्त माझ्यातच होते, ते गेले. घसा बरा झाल्यावर माणसाने येऊन सही करायची, मगच आवाज यंत्र बनवणाऱ्यांकडे जायचा, अशी पद्धत होती. त्या एकोणिसांपैकी बहुतेक जण आता बोलू शकत नव्हते.

क्रेनचालक सही करायला आला तो मुलीला घेऊनच. त्याच्या गळ्याला पांढरी पट्टी होती आणि हातात पाटी. बाईंनी दुसऱ्या कोणाला पुढे केले नाही, स्वतःच सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि पाटीवर एकच शब्द लिहिला, ‘सगळं?’

“सगळं,” बाई म्हणाल्या.

मुलीने विचारले, “म्हणजे मशीन बाबांसारखं नाही बोलणार?” तो सुपाएवढा पंजा तिच्या डोक्यावर नुसता पडून राहिला.

तेवढ्यात कानसेन उठला आणि आपल्या कॉम्प्युटरपाशी गेला. दोन महिन्यांपूर्वीचा, बोलणी खाल्लेला तो मेल अजून तिथे होता. त्याने तो उघडला. खोलीत खरखरीत, हसरा आवाज आला, “ठमाबाई, उठताय का आता, की मी क्रेन आणू?” आणि मागून मी, टीं, टीं, टीं.

क्रेनचालकाने तोंड फिरवले. मुलगी म्हणाली, “परत लावा.” तिने ते सात वेळा ऐकले. मग तिने विचारले, “हे मागे कोण ओरडतंय?”

कानसेनने टेबलावर उघड्या पडलेल्या माझ्याकडे बोट केले. “ते खोकं. ते मला सांगत होतं, आणि मी त्याचं तोंड बंद केलं.”

एका वाक्यावरून यंत्र बनत नाही. क्रेनचालक आता पाटीवर लिहितो. मुलीची परीक्षा असो, ताप असो, रुसवा असो, त्याला पाटीवर जेवढे मावेल तेवढेच बोलता येते. ते वाक्य मात्र त्याने फोनमध्ये घेतले आहे आणि रोज सकाळी तो ते मुलीच्या उशाशी लावतो. माझ्या जागी आता दोन नवी खोकी आली आहेत, एक इथे आणि एक दूर दुसऱ्या इमारतीत. कानसेन रोज सकाळी आल्याआल्या दोन्हींची विचारपूस करतो. मी अडगळीत आहे आणि माझी तक्रार नाही.

फक्त एवढे मागतो. मित्रांनो, जे गेले तर परत मिळणार नाही, ते एकाच्याच पदरात टाकून निर्धास्त होऊ नका, तो कितीही भरवशाचा असला तरी. आणि कोणी कटकट करू लागले, तर त्याचे तोंड बंद करण्यापूर्वी एकदा उठून त्याला काय झाले आहे ते बघा. त्या घरात ती मुलगी अजून रोज माझ्याच ओरडण्याने जागी होते.