फुंकरबाबाचा पहिला प्रश्न

“तो फुंकर कशी मारतो ते बघू नका. आधी काय विचारतो ते ऐका,” जनावरांच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं.

दूध केंद्राच्या आवारात खोकणाऱ्या वासरांची रांग लागली होती. उलट्या बादलीवर फुंकरबाबा बसलेला.

“कितवा दिवस?”

“सातवा, बाबा.”

“वेळेवर आणलंत! उद्या खोकला शेपूट घालून पळणार!” नाकपुडीत एक जोरदार फू! आणि दुसऱ्या दिवशी खरंच खोकला कमी. लोक थक्क.

आमच्या तांबूस वासराचा दुसरा दिवस होता. बाबाने डोळे मिटले. “रोगाचा काळ पुरा व्हायचाय. आठवड्याने आणा. तोवर सुई टोचलीत तर फुंकर लागू पडणार नाही.”

आम्ही थांबलो. पाचव्या दिवशी ते तोंड उघडून धापा टाकू लागलं, सहाव्या दिवशी गेलं. बाबा म्हणाला, “घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला.” डॉक्टरीणबाईंशी बोलणारी घरात मी एकटीच; सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं.

मग माझं बाळ खोकायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, “दुसराच दिवस आहे गं. आठवडाभर थांबू, मग फुंकर घालून आणू.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाळाला तडक डॉक्टरकडे नेलं. पण तेवढ्याने माझं समाधान होणार नव्हतं. तो माणूस मला चारचौघांत उघडा पडलेला बघायचा होता.

डॉक्टरीणबाईंना विचारून मी शेजारची दोन वासरं नेली. पांढरं कालपासून खोकत होतं, काळं आठ दिवसांपासून.

“पांढऱ्याचा कितवा?”

“आठवा,” मी म्हणाले.

“उद्या उड्या मारेल!” फू! “आणि काळ्याचा?”

“दुसरा.”

“आठवड्याने आणा.”

दुसऱ्या दिवशी त्याच गर्दीत पांढरं तापाने मान टाकून उभं होतं, डॉक्टरीणबाई त्याला तपासत होत्या. फुंकर न मिळालेलं काळं दावं ओढून हुंदडत होतं.

“बाबा, मी दिवस उलटे सांगितले होते.”

“श्रद्धेशी खोटं बोललीस!”

“तुमच्याशी बोलले. दिवस रोगाला माहीत होते, तुम्हाला नव्हते.”

डॉक्टरीणबाई लोकांकडे वळल्या. “विषाणू शिरला की त्याला ओळखून हरवायला वासराच्या शरीराला साधारण आठवडा लागतो. लढतं वासरू, नाव होतं याचं. पण काहींच्या फुप्फुसात त्याच आठवड्यात दुसरे जंतू शिरतात. औषधाची खरी गरज त्यांना असते, आणि नेमकं त्यांनाच हा घरी बसवतो.”

बाबा उठला, तशा सासूबाई आडव्या आल्या. “थांबा. आमच्या तांबूसचा कितवा दिवस होता, सांगा बरं?”

त्याला आठवेना. त्याची खाली गेलेली मान मी डोळे भरून पाहिली. दया अजिबात आली नाही.

तुमच्या शेजारीही कुणी असाच ‘काळ पुरा’ होण्याची वाट बघत असेल. उठा, त्यांच्या गोठ्यात डोकावून या. वासरू दूध पितंय का, श्वास घेताना बरगड्या ओढल्या जातात का, बघा. शंका आली तर डॉक्टरला बोलवायला लावा. आणि घरात बाळ खोकत असेल, तर आधी त्याच्याकडे जा.